सहावं कुलूप

रुळावरून घसरलेलं इंजिन उचलताना आमचा एक नियम असतो. इंजिनाखाली जाणाऱ्याने आधी जॅक वर-खाली करायची कळ असलेल्या पेटीला स्वतःचं कुलूप लावायचं आणि बाहेर आल्यावरच काढायचं. एक जरी कुलूप राहिलं तरी इंजिन खाली उतरवता येत नाही.

आज संग्रहालयाचं साठ वर्षांचं डिझेल इंजिन घसरलं होतं. दुपारपर्यंत आम्ही ते उचलून चाकं रुळांच्या बरोबर वर आणली. पाच जण खाली गेलो, पाचही बाहेर आलो, आपापली कुलपं काढली. पेटीवर एक उरलं.

त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. नवऱ्याचं कुलूप ओळखू यावं म्हणून माझ्या बहिणीने लावलेला.

ते कुलूप मागच्या वर्षी मीच तोडलं होतं. भाऊजी काढायला विसरले असतील, असं मला वाटलं. इंजिन खाली उतरलं तेव्हा ते खालीच होते. चौकशीत मी सांगितलं, त्यांनी कुलूप लावलंच नव्हतं. तुकडे नदीत टाकले. बहीण अजून नवऱ्याच्याच निष्काळजीपणाला बोल लावते, आणि मी मान डोलावतो.

"मुहूर्त बघताय का?" साहेब खेकसले. "कोणाचंय ते?"

"माहीत नाही, साहेब."

"मग तोडा."

मी वाकून चारही बाजूंनी इंजिनाखाली पाहिलं. कोणी नव्हतं. माणसं मोजली. माझ्यासकट पाच.

मी कटर दाबला. कुलूप तुटून खडीवर पडलं.

इंजिनाखालून दमलेला, ओळखीचा आवाज आला, "मेहुणे, पुन्हा?"