बदली नंबर दोनशे सात

संपात गिरणी बंद पडली, त्याला बारा वर्षं झाली होती. लालबागच्या चाळीत शामराव रोज सकाळी सातला आपला हातात धरायचा हॅम रेडिओचा बिनतारी सेट लावत. हल्ली त्यातून फक्त एक आवाज येई. गिरणीच्या गेटावर टाइमकीपर गैरहजरांच्या जागी घ्यायच्या बदली कामगारांचे नंबर पुकारायचा आणि ‘हजर’ म्हणेल त्याला आत घ्यायचा, तसे नंबर.

सोमवारी ऐकायला आलेल्या शेजारच्या धोंडूचा गिरणीतला नंबर आला. सवयीने तो ‘हजर’ म्हणाला, चपला घालून खाली उतरला आणि परतलाच नाही.

“अहो, बंद करा ते मेलं!” त्यांची बायको शेवंता म्हणाली.

“बॅटरी कालच काढलीय गं.”

“मग तोंड तरी बंद ठेवा.”

सेट खरखरला, “दोनशे सात!”

हा शामरावांचा नंबर. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं.

सेटमधून त्यांच्याच आवाजात उत्तर गेलं, “हजर.”