चुका : निरंक

१९९८ साली साताऱ्यातल्या आमच्या डेटा एंट्री सेंटरला अमेरिकेतल्या कोर्टाच्या निकालांचं पुस्तक टाइप करायचं काम मिळालं. एकच पान दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं. फरक पडला की कॉम्प्युटर चूक दाखवणार. दोन माणसं एकच चूक थोडीच करतात!

मी हुशारी केली. तीस वर्षं कोर्टात निकालांच्या नकला टाइप करून रिटायर झालेले विष्णुपंत आणि शकुंतलाबाई, दोघांनाही बसवलं. कॉम्प्युटरला एक चूक सापडेल तर शपथ. पुस्तक थेट छापलं गेलं.

महिन्याभरात अमेरिकेतून फोन आला. प्रत्येक निकालाखाली, मूळ पानात नसलेलं, 'ट्रू कॉपी' छापलं होतं.

मी दोघांना समोर बसवून जाब विचारला.



दोघंही एका सुरात म्हणाले, "अहो साहेब, त्याशिवाय ते कुठल्या कोर्टात चाललं असतं?"