आखाजीची हजेरी

लिंबायतमधल्या आमच्या मराठी शाळेच्या आता नुसत्या भिंती उरल्यात. पट मोजायला गुजराती साहेब आले, ते नेमके आखाजीला. सणासाठी सगळे खान्देशी पालक पोरांना घेऊन गावी गेलेले; शाळेत मी एकटीच बाई. रिकामे वर्ग बघून त्यांनी शाळाच बंद केली.

"सायबले काय माहीत आपली आखाजी, बाई!" म्हणत संस्थाचालक हिलालआबा माझ्यासमोर ढसाढसा रडले. मग पोरांची आबाळ नको म्हणून त्यांनीच शेजारी इंग्लिश शाळा काढली.

काल तेच साहेब भाजीबाजारात दिसले. मी भर रस्त्यात त्यांना सुनावलं. ते गोंधळलेच.

 

"मला कुठे ठाऊक होती आखाजी, बेन? त्याच दिवशी या म्हणून हिलालभाईच मागे लागले होते."