दोन फोटोंवरचे लाईट

"काकू, आता बघा," मेघना म्हणाली आणि तिने स्क्रीनवरचा आकडा खाली आणला. चित्रातल्या हॉलच्या भिंतीवरचा उजेड थोडा मंदावला.

"अजून कमी कर," बेबीताई म्हणाल्या.

घरांची सजावट आखून देणाऱ्या मेघनाच्या विजय नगरातल्या छोट्या ऑफिसात बेबीताई आणि गणपतराव कॉम्प्युटरसमोर तासभर बसून होते. मझौलीहून शहरात यायचं म्हणून नवं घर बांधलं होतं. उद्या सकाळी छताचे कारागीर येणार, तेव्हा लाईटसाठी भोकं कुठे पाडायची ते आजच ठरायला हवं होतं. स्वयंपाकघर पसंत झालं, देवघर झालं, मुलाची खोली तर बेबीताईंनी पाहताक्षणी पास केली. घोडं अडलं होतं ते हॉलच्या एका भिंतीवर.

त्या भिंतीवर दोन फोटो होते. डावीकडे गणपतरावांचे वडील, रामराव. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. उजवीकडे मुलगा अनुपम, फौजेच्या वर्दीत. मेघनाने हौसेने खरेच फोटो मागवून स्क्रीनवरच्या भिंतीवर टांगले होते आणि प्रत्येकावर छतातून एकेक लाईट सोडला होता. चेहऱ्याभोवती छान गोल उजेड पडत होता. तिला स्वतःला तो फार आवडला होता.

"काय खटकतंय काकू, सांगा ना."

"अनुपमच्या फोटोचा लाईट डोळ्यात येऊन राहिला."

मेघनाने लाईटचा कोन बदलला. मग बेबीताई म्हणाल्या, फोटोचा रंग उडेल. या लाईटने उडत नाही, हे मेघनाने समजावलं. मग त्या म्हणाल्या, बिल येईल. तीन खोल्यांना एसी लावून घेणारी बाई पाच वॅटच्या दिव्याच्या बिलाला भ्यायली, हे मेघनाच्या डोक्यावरून गेलं. तिने उजेडाचा गोल मोठा करून पाहिला, लहान केला, पांढऱ्याचा पिवळा केला. बेबीताई नाही म्हणत होत्या आणि का नाही, याबद्दल ताकास तूर लागू देत नव्हत्या.

"मस्त तर दिसून राहिला," गणपतराव वैतागले. "फौजेतला पोरगा आहे, चमकला पाहिजे. तू काहून खोड्या काढून राहिली?" मग ते मेघनाकडे वळले. "वीस दिवस झाले बेटा, त्याचा फोन नाही. ऊपर पहाडात पोस्टिंग आहे, नेटवर्क नसते तिकडे. किती सांगितलं हिले. हिचं कशातच मन नाही."

बेबीताईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या स्क्रीनकडे पाहत होत्या.

"पोरी, तू अनुपमचा लाईट कमी केला की बाबांचाही काहून कमी होते?"

चला, एका तरी प्रश्नाचं उत्तर आपल्याला येतं, म्हणून मेघना खुलली. "जोडलेले आहेत काकू. आजोबांचा आधी बनवला, मग त्याचीच कॉपी दादाच्या फोटोवर लावली. म्हणजे एकाचं जे होईल, तेच दुसऱ्याचं. मेहनत वाचते." आणि नीट कळावं म्हणून तिने रामरावांचा लाईट बंद करून दाखवला.

दोन्ही फोटोंवरचे गोल एकदमच विझले.

बेबीताई खुर्चीतून उठल्या. "चालू कर."

मेघनाने घाईघाईने चालू केला. दोन्ही चेहरे पुन्हा एकसारखे उजळले, पण त्यानेही बेबीताईंचा जीव भांड्यात पडला नाही. मेघना गोंधळली. आपल्या हातून काहीतरी वाईट झालं एवढं तिला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

"ते जोडलेलं आहे ना, ते तोड आधी."

"काकू, त्याने काही फरक..."

"तोड म्हटलं ना."

मेघनाने कॉपी सुटी केली. बेबीताईंना तेवढ्याने पटेना, म्हणून रामरावांचा लाईट तिने दोनदा कमी-जास्त करून दाखवला. अनुपमचा हलला नाही. तेव्हा कुठे बेबीताई खाली बसल्या.

"आता अनुपमचा बंद करून टाक. पुरा."

तो बंद झाला. रामराव उजेडाच्या गोलात तसेच राहिले. शेजारी अनुपम खिडकीतून येणाऱ्या साध्या उजेडात दिसू लागला. सोफा, टेबल, चपलांचं कपाट, सगळ्यांवर पडला होता तेवढाच त्याच्यावर. मेघना बघत राहिली. दीक्षितपुऱ्यात तिच्या घरी भिंतीवर सात-आठ फोटो होते. दिवा एकावरच जळायचा, गेलेल्या आजीच्या. रोज येता-जाता तो दिवा पाहणाऱ्या तिला हे सुचू नये, याची तिला फार लाज वाटली.

"अगं, पण असा तर तो..." गणपतराव बोलायला लागले. त्यांनी एका फोटोकडून दुसऱ्याकडे पाहिलं. मग अनुपमच्या फोटोवरच्या छताकडे बोट केलं.

"बेटा, तिथं भोक नको पाडू म्हणा कारागिराले."

"नाही पाडणार काका. मी लिहून ठेवते."

बेबीताईंनी पदराने तोंड पुसलं. "अनुपमची खोली दाखव बरं एकदा."

मेघनाने खोली उघडली. पलंग, टेबल, खिडकी, छतावर बेताचे दोन लाईट.

"इथं लाव," बेबीताई म्हणाल्या. "इथं पाहिजे तेवढे लाव."