पाठीवरचं कातडं

त्याने काढलेल्या रानटी योद्ध्याच्या कार्टूनला मुलांनी अगदी डोक्यावर घेतलं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाई खोदून खोदून विचारत होत्या आणि तोही ठेवणीतली उत्तरं देत होता. टोपाची शिंगं जुन्या नाटकांच्या पोशाखांवरून उचललेली, तलवार म्हणजे न्याय, कपाळावरचा व्रण म्हणजे सोसणं.

"आणि एवढ्या आडदांड गड्याच्या पाठीवर अस्वलाच्या पिल्लाचं कातडं? तेही पुढचे दोन पंजे गळ्याशी गाठ मारून?"

"माणसातलं जनावर, दुसरं काय!" तो हसून म्हणाला. बाई खूश झाल्या.

स्टुडिओतली पोरं मात्र त्या कातड्याला वैतागली होती. योद्ध्याच्या प्रत्येक उडीबरोबर ते हलवून दाखवायचं म्हणजे डोक्याला ताप. "सर, काढून टाकू या ना ते!" एरवी पोरांचं सगळं ऐकणारा हा, तेवढ्या एका गोष्टीवर हटून बसायचा.

रविवारी तो आईकडे गेला, तेव्हा टीव्हीवर त्याचाच योद्धा पूर आलेली नदी पोहून जात होता. मटार सोलणारे आईचे हात थांबले. तलवारीकडे तिचं लक्षच नव्हतं. योद्धा काठाला लागेपर्यंत ती त्या दोन पंजांकडेच बघत राहिली.

गावातल्या त्या पुरानंतर या घरात धाकट्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

 

"बरं केलंस रे," आई म्हणाली. "या वेळी धाकट्याचे हात गळ्याशी गाठ मारून घेतलेस."