चार ते पाच

"आज हो म्हणायचं म्हणजे म्हणायचं," नार्सिसाने स्वतःला तिसऱ्यांदा बजावलं, आणि आतून घंटा वाजली.

घंटा म्हणजे मालकीणबाई, दोन्या ओर्तेन्सिया. कंबर मोडून बाई अंथरुणाला खिळल्या त्याला सहा वर्षं झाली. तेवढीच वर्षं नार्सिसा ग्वायाकील शहरातल्या या घरात त्यांचं सगळं करत होती. दाराला लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि किल्ली बाईंच्या गळ्यात, क्रुसाशेजारी. पाव आणायला जायचं तरी ती मागून घ्यावी लागे.

"मेलीस की काय तिकडे?" बाई म्हणाल्या. "उशी वर कर. आणि तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"काही नाही, बाई."

"बरं. चार वाजले, मी झोपते. बस जा तुझ्या त्या काचेच्या खेळण्यापुढे."

बाईंच्या माद्रिदमधल्या मुलाने दोन टॅब्लेट धाडले होते. एक आईला प्रार्थना बघायला, दुसरा नार्सिसाला, आईची खबर द्यायला. बाई आपला उशीखाली टाकून ठेवत, रविवारी तेवढा काढत. पण चार ते पाच त्यांची घंटा कधी वाजत नसे. तेवढे त्यांचे उपकार.

त्या तासात नार्सिसा बेटावर जाई. बेट पडद्यावरचं. तिथला समुद्र खोटा, हॉटेल खोटं, हॉटेलकामाचं शिक्षण मात्र खरं. सगळे चित्रातल्या देहाने वावरत. एकीने गल्ल्यावर उभं राहायचं, दुसरीने पाहुणी होऊन भांडायचं. बोलणं सगळं लिहून. निरोप आला की टॅब्लेट दोनदा शीळ घाली. महिनाअखेरीस खऱ्या हॉटेलांची माणसं तिथे येत, बोलून बघत, नोकरी देत. तीन नोकऱ्या नाकारल्या की नाव नोकरीच्या यादीतून कायमचं बाद.

नार्सिसाने दोन नाकारल्या होत्या. तिसरी डोंगरातल्या कुएन्का शहरातली, आणि उत्तर आज पाचच्या आत द्यायचं होतं.

"आलीस का रडूबाई?" ग्रिसेलने लिहिलं.

ग्रिसेल लिमाची. लाल बूट घालायची आणि खुर्चीवर म्हणून बसायची नाही, उगाच जिने चढायची-उतरायची. नार्सिसाचं जिवाभावाचं माणूस जगात हे एवढंच. किटोवाले पोरींची कागदपत्रं काढून घेतात, सालिनासचा मॅनेजर अंगचटीला येतो, हे त्या दोन नोकऱ्यांच्या वेळी तिनेच सांगितलं होतं. नाहीतर कुठे जाऊन पडले असते मी, असं नार्सिसाला कितीदा वाटे.

"मी जातेय, ग्रिसेल. आज हो म्हणते. जीव गुदमरतो गं या कुलपात. अजून वर्षभर राहिले तर म्हातारीच्या आधी मीच जाईन."

लाल बूट जिन्यावर थांबले.

"एवढी वाईट आहे का गं ती?"

"खाष्ट आहे. पण सुई टोचताना माझा हात धरते, लहान पोरासारखी. कीव येते गं मला तिची. म्हणून तर आजवर पाय निघाला नाही."

"जा मग. मी कोण अडवणार? फक्त कुएन्काची थंडी, बाई. आठवड्यात छाती भरेल तुझी, बसशील धापा टाकत. तिथे कोण आहे वाफारा द्यायला? आणि इकडे म्हातारीचं काही झालं, तर जन्मभर झोप लागेल का तुला?"

नार्सिसाचा हात छातीवर गेला. जूनमधला दमा तिला आठवला.

"पण ही तिसरी गं. नंतर काहीच उरत नाही मला."

"वेडी! मी उरते ना. रोज चार वाजता. मी कुठे जातेय?"

पाचला चार मिनिटं होती. कुएन्काच्या बाईने विचारलं, "काय ठरलं तुमचं?"

नार्सिसाने डोळे पुसले आणि 'नाही' लिहिलं. यादीतलं तिचं नाव पुसट झालं, मग दिसेनासं झालं. तिला रडू आवरेना.

पाचला घंटा वाजली. तिने ओटचं पेय गरम करून आत नेलं. बाईंनी एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"छान झालंय," बाई म्हणाल्या.

सहा वर्षांत असं पहिल्यांदाच.

"डोळे का लाल?"

"कांदा चिरला."

"खोटारडी," बाई हसल्या आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी डोळे मिटले.

नार्सिसा त्यांच्या पायथ्याशी बसली. हातात टॅब्लेट होताच. मन भरून आलं होतं, कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिने ग्रिसेलला लिहिलं, "तू आहेस म्हणून मी तग धरून आहे. तू नसतीस तर काय केलं असतं गं मी?" आणि निरोप धाडला.

बाईंच्या उशीखाली दोनदा शीळ वाजली.