ट्रायल

जुनी स्पोर्ट्स कार बघायला ती दिवसभराचा प्रवास करून आली होती. डीलर बॉनेटवरून लाडक्या लेकरासारखा हात फिरवत होता.

“कधी ठोकलेली नाही. ब्रेक नवेकोरे. डोळे झाकून घ्या, ताई.”

तिने दाराच्या कडेचा लाल रंग नखाने खरवडला. आतून हिरवा निघाला. तिने टेबलावरची किल्ली उचलून त्याच्या हातात ठेवली.

“घाटातून तुम्हीच उतरवून दाखवा. मी पायथ्याशी थांबते.”

“घाटात कशाला? इथेच चक्कर मारू की,” तो चाचरत म्हणाला.

“नाही, घाटच. ही हिरवी होती, तेव्हा माझ्या नवऱ्याने तुमच्या शब्दावर डोळे झाकून घेतली होती. तेव्हाही मी पायथ्याशीच वाट बघत होते.”